मनीऑर्डरचे अर्थशास्त्र

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

विकासाच्या अर्थशास्त्राचा तास चालू असताना सरांनी फळ्यावर दोन रकाने आखले. एकावर लिहिले ‘उपभोग’ आणि दुसऱ्यावर ‘गुंतवणूक’. बाहेरगावी किंवा परदेशी कामाला गेलेली माणसे जो पैसा घरी पाठवतात, त्याचा मोठा भाग पहिल्या रकान्यात जातो. धान्य, कापड, औषधपाणी, लग्नकार्य, घराची डागडुजी, मुलांची शाळा. दुसऱ्या रकान्यात विहीर, पंप, एखादे दुकान असे थोडेसेच उरते. अशा पैशाने घरे तगतात, पण मुलूख पुढे सरकत नाही, असे मत असलेले अभ्यासक पुष्कळ आहेत, असे सरांनी सांगितले. मी ते वहीत उतरवून घेतले. उतरवून घेता घेता माझ्या लक्षात आले की माझी या वर्षाची फी, वसतिगृहाच्या जेवणाचे पैसे आणि मी लिहीत होते ती वहीसुद्धा पहिल्याच रकान्यातली आहे.

पाठ्यपुस्तकात या पैशाला ‘विप्रेषण’ असा भारदस्त शब्द आहे. आमच्या घरात त्याला ‘दादाचे पैसे’ म्हणतात.

आमचे गाव नांदगाव तालुक्यात, नाशिक जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व भागात. तीन एकर जमीन, पाऊस झाला तर बाजरी, मका, नाहीतर काही नाही. मी नववीत जाईपर्यंत आई-वडील दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि त्या कोयत्यावर मुकादम हंगामाआधी उचल देतो. मी आणि दादा आजीजवळ राहत असू. पुढे दादाने आयटीआय केले, सातपूरला एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला लागला आणि दर महिन्याला घरी पैसे धाडू लागला. त्यानंतर आई-वडिलांनी कोयता सोडला. बाहेरून येणारा पैसा आमच्या घरात असा दोन तऱ्हांनी आलेला आहे. उचलीत पैसा आधी येतो आणि माणूस त्याच्या मागून फरपटत जातो. काम करून ती फिटली नाही तर बाकी पुढल्या हंगामावर चढते. दादाच्या पैशात माणूस आधी जातो, राबतो, आणि मग पैसा येतो. अर्थशास्त्राच्या कोष्टकात दोन्ही ‘स्थलांतरितांचे उत्पन्न’ असले, तरी पहिल्याने आम्हाला बांधले होते आणि दुसऱ्याने सोडवले, हे मी पाहिले आहे. म्हणून सरांचे म्हणणे मनात घोळत राहिले, आणि ते खरे किती, हे तपासण्यासाठी मी कोकणाकडे वळले. आपल्या राज्यात या विषयाचा सर्वांत जुना धडा तेथेच आहे.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन केली. पुढल्या काही दशकांत भायखळ्यापासून परळ-लालबागपर्यंत गिरण्यांची धुराडी उभी राहिली. गिरण्यांना माणसे हवी होती आणि रत्नागिरी जिल्ह्यात माणसांना काम हवे होते. (सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता, तो वेगळा झाला १ मे १९८१ रोजी.) डोंगरउतारावरची जमीन, भाताचे एकच पीक, आणि त्यातही खोताचा वाटा. ही खोती नष्ट व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणले. प्रत्यक्षात ती कायद्याने गेली १९४९ मध्ये. गिरण्या निघाल्यापासून जवळजवळ शंभर वर्षे कोकणातल्या कुळाला हातात रोख रुपया पाहायचा तर मुंबई गाठणे भाग होते. त्या काळच्या मुंबईत बाहेरून आलेल्यांमध्ये रत्नागिरीकरांचा गट सर्वांत मोठ्यांपैकी एक होता, यात नवल नाही.

१८८० साली टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि या पैशाला वाट मिळाली. चाकरमान्याने पगाराच्या दिवशी पोस्टात रांग लावायची आणि आठ-दहा दिवसांनी खाकी पिशवीवाला पोस्टमन नदीनाले ओलांडत वाडीवर पोहोचायचा. फॉर्मच्या तळाशी दोन ओळी लिहिण्यापुरती जागा असे. खुशाली, बैलाची चौकशी, गणपतीला येतो की नाही, हे सारे तेवढ्यात बसवावे लागे. पुढील काळात या सेवेचा आकार वीस रुपयांमागे एक रुपया, म्हणजे शेकडा पाच होता. आज जगात दोनशे डॉलर परदेशातून घरी पाठवायचे तर सरासरी शेकडा सहाहून अधिक खर्च येतो, आणि तो २०३० पर्यंत शेकडा तीनवर आणावा असे संयुक्त राष्ट्रांनी ठरवले आहे. आपला पोस्टमन डोंगर चढूनही तुलनेने स्वस्तच होता म्हणायचा! टपाल खात्याने कागदी मनीऑर्डरची जुनी पद्धत २०१५ मध्ये बंद केली. दादा मोबाइलवरून पाठवतो, आणि आईच्या फोनवर मेसेज आल्याची टुण् वाजते. बैलाची चौकशी मात्र वेगळा फोन करून करावी लागते.

कोकणाला ‘मनीऑर्डरवर जगणारा प्रदेश’ म्हणण्याची रूढी पडली आहे, आणि त्यात थोडी हेटाळणीही आहे. जणू मुंबई देत होती आणि कोकण बसून खात होते. हिशेब नीट मांडला तर चित्र वेगळे दिसते. गिरणीचा पगार एका माणसाच्या पोटापुरता, फार तर थोडा वर उरणारा असे. गिरणगावात एकेका गावाच्या खोल्या होत्या. एका खोलीत पंधरा-वीस माणसे पाळीप्रमाणे झोपत, कारण एक झोपायला येई तेव्हा दुसरा कामावर जाई. जेवण खानावळवालीकडे. (या खानावळवाल्या बायकांनाही सावकारी व्याजाने घेरलेले होते, त्यांच्यासाठी १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले.) बायको, मुले, म्हातारे आईबाप यांना मुंबईत ठेवणे त्या पगारात शक्यच नव्हते. ते गावी राहिले, भात लावून खाल्ले. मुलगा लहानाचा मोठा झाला तो गावाच्या भातावर, आणि वीस वर्षांचा झाल्यावर गिरणीला तयार कामगार मिळाला. आजारी पडला की तो गावी येई, थकला की गावीच येई. कामगार वाढवण्याचा आणि सांभाळण्याचा खर्च गावाने सोसला, म्हणून गिरणीला एवढ्या पगारात भागवता आले. मनीऑर्डर ही त्या खर्चाची अर्धीमुर्धी परतफेड होती, असे माझे मत आहे.

आणि हा खर्च सोसणारे गाव म्हणजे मुख्यतः बायका. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, आणि रत्नागिरी जिल्ह्यात ११२२. २००१ मध्ये तोच आकडा ११३६ होता. स्त्रियांचे प्रमाण अधिक म्हणून आनंद मानावा असा हा आकडा नाही. तो गैरहजर पुरुषांचा आकडा आहे. नांगरणीला गडी मिळवायचा, लावणी, कापणी, गवत, गुरे, सासू-सासऱ्यांचे दुखणेखुपणे, आणि पैसा आला तर तो बहुधा सासऱ्याच्या नावाने. घाटावरही हेच होते. हेमलता दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातल्या सुगाव या गावाचा १९४२ ते १९८२ असा चाळीस वर्षांचा आढावा घेऊन जे पुस्तक लिहिले, त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थच ‘पुरुष मुंबईला, बायका घरी’ असा आहे. आमच्या घरी दादाचे पैसे आईच्या खात्यावर येतात. पहिल्या महिन्यात वडील थोडे नाराज होते. आता बाजारात जाताना तेच आईला विचारतात, “किती काढायचे?” या फरकाला कोणत्या रकान्यात टाकावे, हे मला अजून कळलेले नाही.

आता मूळ प्रश्न. शंभर-सव्वाशे वर्षे पैसा येत राहिला, तर कोकणात उद्योग का उभे राहिले नाहीत? येथे आपल्या अभ्यासक्रमातला गुणक कामाला येतो. समजा, एका गावात बाहेरून हजार रुपये आले. गावकऱ्यांनी त्यातले तीनशे गावातच खर्च केले आणि सातशेचा बाहेरचा माल घेतला. ज्यांच्याकडे तीनशे गेले, त्यांनीही तसेच केले, तर नव्वद गावात राहतात, मग सत्तावीस. सगळी बेरीज होते सुमारे १,४२९ रुपये. हेच प्रमाण उलटे असेल, म्हणजे सातशे गावात आणि तीनशे बाहेर, तर बेरीज जाते सुमारे ३,३३३ वर. आलेला पैसा तोच, पाठवणाऱ्याचा घामही तोच, फरक फक्त गळतीचा. कोकणातली स्थिती पहिल्या उदाहरणासारखी होती. कापड, रॉकेल, साखर, कौले, औषधे, आणि कमी पडेल तेव्हा तांदूळसुद्धा बाहेरून. मुंबईहून आलेला रुपया दुकानदाराच्या गल्ल्यातून दोन आठवड्यांत परत मुंबईला जाई. रस्ते कमी, बाजारपेठा लहान, विजेची वानवा; रोहा ते मंगळूर अशी कोकण रेल्वे सलग सुरू व्हायला १९९८ साल उजाडले. चाकरमान्याने पैसे साठवून गावी कारखाना काढायचा म्हटले असते, तरी माल न्यायचा कशाने?

उलट, जेथे वाट होती तेथे हाच पैसा जमिनीतही गेला. १९९० च्या सुमारास राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवडीची योजना आणली आणि कोकणात आंबा-काजूचे क्षेत्र मोठ्या प्रमाणावर वाढले. कलमे, खड्डे, खत यांचे अनुदान सरकारचे होते. पण आंबा पहिली चार-पाच वर्षे काही देत नाही, आणि तेवढी वर्षे घर चालवायला दुसरीकडून पैसा असावा लागतो. मुंबईच्या पैशाला ‘उपभोग’ म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे, पण त्याच्या आधारावर बाग वाढते हे विसरू नये.

हीच गोष्ट ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम या अर्थशास्त्रज्ञांनी १९८५ च्या एका निबंधात वेगळ्या रीतीने मांडली. त्यांच्या मते स्थलांतराचा निर्णय एकटा माणूस घेत नाही, कुटुंब घेते, आणि ते एक प्रकारचा विमा उतरवत असते. शेताचे नशीब पावसाशी बांधलेले, कारखान्याचे नशीब बाजाराशी. दोन्ही एकदम बुडण्याचा संभव कमी. हे वाचताना मला आमचे घर दिसले. दादाचे पैसे सुरू झाल्यावर दुसऱ्या वर्षी वडिलांनी बाजरीऐवजी एक एकर कांदा लावला. कांद्याला खर्च फार आणि भावाचा भरवसा नाही. उचलीच्या दिवसांत त्यांनी ते धाडस कधीच केले नसते. त्या वर्षी भाव मिळाला नाही, हे येथे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. पण बैल विकावे लागले नाहीत, आणि पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा कांदा लावला.

विमा मात्र तेव्हाच उपयोगी, जेव्हा सगळ्यांची ठेव एकाच पेढीत नसते. कोकणाची ती होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. साठांहून अधिक गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार. हा संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही, आणि पुष्कळांना पुन्हा कामही मिळाले नाही. मनीऑर्डरी थांबल्या. जे पैसे पाठवत होते तेच गावी परत आले, आणि त्यांना पोसायला पुन्हा तेच भात आणि त्याच बायका होत्या. दूरच्या उदाहरणात १९९० साल येते. इराकने ऑगस्टमध्ये कुवेत घेतला आणि सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. त्यांत मुख्यतः केरळची माणसे होती. केरळमध्ये १९७३ च्या तेलाच्या भाववाढीनंतर आखाती पैशाचा ओघ सुरू झाला. तो पैसाही घरे, जमीन, लग्ने यांत गेला आणि जमिनीच्या किमती भडकल्या. तरी तेथे एक मोठा फरक होता. शाळा आणि दवाखाने पैशाच्या आधीपासून गावोगाव होते. शिकलेला मुलगा बाहेर गेला की त्याला बरा पगार मिळे, आणि त्या पैशावर पुढची बहीण-भावंडे आणखी शिकत. कोकणातल्या मुलाला सातवी-आठवीतून उठून खात्यात बदली कामगार म्हणून उभे राहावे लागे.

राष्ट्राच्या पातळीवर पाहिले तर आकडे डोळे दिपवणारे आहेत. जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली परदेशातल्या भारतीयांनी सुमारे १२९ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले. जगात हा आकडा सर्वांत मोठा. नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नात अशा पैशाचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत महाराष्ट्राचा वाटा सुमारे २०.५ टक्के निघाला, केरळपेक्षाही किंचित अधिक. पण यावरून महाराष्ट्राच्या खेड्यांत डॉलर खुळखुळतात असे कोणी समजू नये. रत्नागिरीच्या काही गावांत आखाताचा पैसा खरोखर दिसतो. बाकीचा मोठा भाग मुंबई-पुण्याच्या बँकांतला आहे. नांदगावच्या आमच्या गावात जे येते ते रुपयांत आणि सातपूरहून.

देशातल्या देशात फिरणारा हा पैसा अशा मोठ्या आकड्यांत मोजलाच जात नाही, आणि तोच सर्वांत कच्चा आहे. २०२० च्या साथीत जागतिक बँकेने भाकीत केले होते की परदेशातून येणारा पैसा जगभर सुमारे वीस टक्क्यांनी घटेल. प्रत्यक्षात गरीब आणि मध्यम देशांकडे जाणाऱ्या पैशात घट झाली ती दोन टक्क्यांच्या आसपास. घरचे संकटात आहेत म्हणून माणसांनी पोटाला चिमटा काढून पाठवले. पण आपल्याकडे २५ मार्चपासून कामेच बंद झाली, तेव्हा पाठवायला काही उरलेच नाही. कसारा घाटातून इगतपुरी, नाशिक, मालेगाव असे मुंबई-आग्रा रस्त्याने लोकांचे तांडे चालत गेले, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले. १ मे रोजी नाशिक रोडहून भोपाळला अडकलेल्या मजुरांची गाडी सुटली. राज्यातून निघालेली ती अशी पहिलीच. मी तेव्हा आठवीत होते. आई-वडील उसाच्या फडावरच अडकलेले, आणि ते एप्रिलच्या उत्तरार्धात परत आले. उचल फिटलेली नव्हती.

नाशिकची गंमत अशी की हे शहर पैसा पाठवणारेही आहे आणि खेचणारेही. अंबड-सातपूरला बिहार-उत्तर प्रदेशचे कामगार आहेत. द्राक्षांच्या हंगामात सुरगाणा, पेठकडून दिंडोरी-निफाडच्या बागांत मजूर उतरतात. पेठचा मजूर पंधरा दिवसांनी पैसे खिशात घालून स्वतःच घरी जातो. त्याच्या पैशाची कोठेही नोंद नाही.

सरांच्या दोन रकान्यांचे मग काय? मला वाटते, सर जे म्हणाले त्याचा अर्धा भाग खरा आहे. पाठवलेला पैसा गावाला काम देत नाही, हे कोकणाने दाखवले. त्याने मुले शिकतात, आणि शिकलेल्या मुलांना गावात काम नसल्यामुळे ती जातात. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली सुमारे १६ लाख ९७ हजार होती, ती २०११ साली १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. गावोगाव चिऱ्याची चांगली घरे आहेत आणि त्यांना गणपती आणि शिमगा सोडून कुलुपे आहेत. पण शिक्षणाचा खर्च ‘उपभोग’ कसा, हे मला अजूनही पटत नाही. पंप जमिनीतून पाणी काढतो म्हणून त्याला गुंतवणूक म्हणायचे, आणि आमच्या घराण्यात पहिल्यांदा कोणी महाविद्यालयात बसले, त्याला भाकरीच्या रांगेत टाकायचे? मी हे सरांना तासानंतर विचारले. सर हसले आणि म्हणाले, “मग अंकासाठी लिहून काढा.” म्हणून हा लेख.

एक मान्य केले पाहिजे. मीसुद्धा बी. ए. झाल्यावर नांदगावला परत जाईन की नाही, हे मला आज सांगता येत नाही. वडील विचारत नाहीत. आजी एकदा म्हणाली, “शिकून आलीस तर बघू, नाही आलीस तर पैसे धाड.”

या जूनमध्ये दादाचा ठेका संपला. नवा मिळेपर्यंत दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत घरी पैसे आले नाहीत, माझी फी थकली, आणि वडिलांनी कांद्याचे रोप टाकायचे थांबवले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला अंबडला काम लागले, पगार पूर्वीपेक्षा थोडा कमी. फी आता भरली आहे. मुकादम नेहमीप्रमाणे गावात येऊन गेला. वडिलांनी त्याला ओट्यावर बसवून चहा दिला, आणि उचल घेतली नाही.